छायाचित्रणासाठी डिकॉय बदके: निवड कशी करावी आणि कोकणच्या हवेत ती टिकवावीत कशी?

प्रश्न: खाजणकाठ

नमस्कार. राजापूर तालुक्यात आमच्या घराण्याच्या सामाईक जमिनीत गोड्या पाण्याचे एक जुने तळे आहे. त्याच्या एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला उघडा कातळ आणि थोडे खाली उतरले की खाजण लागते. अडई आणि हळदी-कुंकू ही बदके येथे बाराही महिने दिसतात. दिवाळी उलटली की भुवई बदके, थापटे आणि क्वचित तलवार बदकेही उतरतात. मात्र ती नेहमी पलीकडच्या काठाला बसतात आणि माझ्या लपणापासून, म्हणजे छायाचित्रासाठी बसायच्या आडोशापासून, इतकी दूर राहतात की चारशे मिलिमीटरच्या लेन्सनेही समाधानकारक छायाचित्र मिळत नाही.

माझे मेहुणे अनेक वर्षे अमेरिकेत मेरीलँड राज्यात राहिले. तेथे ते रीतसर परवाना घेऊन बदकांच्या शिकारीला जात असत आणि त्या काळातील डिकॉय, म्हणजे पाण्यावर तरंगत ठेवायची नकली बदके, त्यांच्याकडे पडून आहेत. येत्या हिवाळ्यात ते कायमचे परत येत आहेत. त्यांच्याकडे मॅलार्ड जातीची प्लास्टिकची डझनभर बदके, काही तलवार बदके, दोन मोठे कॅनडा हंस, पंख फिरवणारे बॅटरीवरचे एक बदक आणि कोणा शेजाऱ्याने भेट दिलेली दोन जुनी लाकडी बदके आहेत. सामानाची मर्यादा असल्यामुळे सगळे आणता येणार नाही, म्हणून त्यांनी निवड माझ्यावर सोपवली आहे.

शिकारीचा प्रश्नच नाही. हेतू केवळ छायाचित्रणाचा आहे. तरीही असे डिकॉय पाण्यात ठेवणे कायद्यात बसते का, यांतली कोणती आणावीत, ती पाण्यात कशी मांडावीत आणि आपल्याकडच्या पावसात, दमटपणात ती वर्षानुवर्षे नीट कशी राहतील, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १: पाणथळ

आपण कायद्याचा प्रश्न आधी विचारलात हे बरे केलेत, कारण पुष्कळ जण सामान घरी आल्यावर तो विचारतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या मूळ रूपात परवाना घेऊन काही पक्ष्यांची शिकार करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. जमीन खासगी असली म्हणून तिच्यावर उतरलेला रानटी पक्षी खासगी होत नाही, हे आपल्याकडे अजूनही अनेकांच्या ध्यानात येत नाही. त्याहून महत्त्वाची बाब अशी, की अधिनियमाच्या कलम २ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात केवळ मारणे येत नाही. पकडणे, सापळा लावणे, हाकणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हे सारे तिच्यात येते.

त्यामुळे डिकॉयभोवती भात किंवा इतर धान्य टाकण्याचा विचार मनातही आणू नये. नुसते प्लास्टिकचे बदक पाण्यात ठेवून छायाचित्र काढणे आणि पक्षी पकडण्यासाठी ते ठेवणे यांत हेतूचा फरक आहे. परंतु तो फरक काठावरून जाणाऱ्या माणसाला दिसत नाही, आणि पहाटेच्या अंधारात लपणात दबा धरून बसलेला मनुष्य व समोर नकली बदके एवढेच त्याला दिसते. म्हणून आपल्या भागाच्या वनरक्षकाला आणि वनपालाला आधीच लेखी कळवून त्यांचे म्हणणे घ्यावे. अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीलगत हा प्रयोग परवानगीशिवाय करूच नये.

दुसरे असे, की अडई आणि हळदी-कुंकू आपल्याकडे पावसाळ्यात वीण करतात. जूनपासून पिल्ले मोठी होईपर्यंत डिकॉय पाण्यात टाकू नयेत. जोडीने हद्द राखणाऱ्या पक्ष्याला परका पक्षी ठाण मांडून बसलेला दिसला, तर त्याची शक्ती हकनाक खर्च होते.

उत्तर २: चेसापीकचा प्रवासी

मी मेरीलँडमध्ये चेसापीक उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर काही वर्षे नोकरीनिमित्त राहिलो आहे, त्यामुळे आपल्या मेहुण्यांच्या सामानाची मला बरीच कल्पना आहे. तेथे बदकांची शिकार हा कायद्याने काटेकोरपणे बांधलेला छंद आहे: १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांविषयीचा कायदा, १९३४ पासून सुरू झालेले केंद्र सरकारचे ‘डक स्टॅम्प’ नावाचे तिकीट, ठरावीक हंगाम आणि प्रत्येक जातीला दिवसाची मर्यादा. जिवंत बदके बांधून रानटी बदकांना बोलावण्याची जुनी रीत तेथे १९३५ पासून बंद आहे, आणि म्हणूनच नकली बदके घडवण्याचे शास्त्र तेथे इतके पुढे गेले. कला मात्र पुष्कळ जुनी आहे. नेवाडा राज्यातील लव्हलॉक गुहेत १९२४ मध्ये लव्हाळ्यासारख्या गवताची, पिसे लावलेली बदके सापडली. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत.

आता निवड. मॅलार्ड हे अमेरिकेतले सर्वांत सामान्य डिकॉय, पण मॅलार्ड हा पक्षी कोकणात जवळजवळ येतच नाही; त्याची हिरव्या डोक्याची नरबदके आपल्या तळ्यात अनोळखी पाहुणे ठरतील. कॅनडा हंस तर भारतात येत नाही, तो तेथेच द्यावा. तलवार बदक, थापट्या आणि गडवाल या तिन्ही जाती दोन्ही खंडांत एकच आहेत, म्हणून तलवार बदके सगळी आणावीत. मेहुण्यांना तेथे जुन्या बाजारात थापट्याचे डिकॉय मिळाले तर तेही घ्यावेत. चक्रांग बदकाची अमेरिकी जात आपल्या जातीहून किंचित वेगळी आहे: तिकडच्या नराच्या छातीच्या बाजूला उभा पांढरा पट्टा असतो, इकडच्या नराला पंखाच्या वर आडवी पांढरी रेघ असते. एवढा फरक ब्रशाने मिटवता येतो.

मॅलार्डच्या माद्या मात्र टाकून देऊ नका. रानटी बदके दुरून रंगाचे बारकावे पाहत नाहीत. ती आकार पाहतात, पाण्यावरची बैठक पाहतात आणि सर्वांत आधी चकाकी पाहतात. तपकिरी ठिपक्यांची मादी कोणत्याही उथळ पाण्यात चरणाऱ्या बदकांच्या थव्यात खपून जाते. शिवाय स्थलांतर करून नुकतीच आलेली नरबदके बहुधा अजून माद्यांसारख्या फिकट पिसाऱ्यातच असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तळ्यावर झळझळीत नरांची रांग मांडली, तर ती ऋतूला सोडून दिसते. जानेवारीत तीच रांग शोभते.

आकाराबाबत एक सूचना. तिकडे ‘स्टँडर्ड’ आणि त्याहून मोठे ‘मॅग्नम’ असे प्रकार मिळतात. मोठे बदक अथांग खाडीत दुरून दिसावे म्हणून असते. आपल्या लहान तळ्यात, जेथे पाऊण हात लांबीचे भुवई बदक शेजारी येऊन बसणार, तेथे मॅग्नम राक्षसी दिसेल. साधेच आणावे.

बदक उलटे करून तळाची उभी पट्टी, म्हणजे कील, पाहा. काहींच्या कीलमध्ये वजन भरलेले असते. असे बदक कसेही फेकले तरी सरळ होते आणि झुळुकीत डचमळत नाही. काहींची कील पोकळ असून पाण्यात ठेवल्यावर तिच्यात पाणी भरते. ही वाहून न्यायला हलकी, पण हाताने नीट ठेवावी लागतात. विमानाने आणायची असल्याने पोकळ कीलची बदके सोयीची, हा माझा सरळ कौल. पंख फिरवणारे बॅटरीचे बदक आणू नये. अमेरिकेतील काही राज्यांनीही अशा यंत्रांवर निर्बंध घातले आहेत, आणि शांत तळ्यावर त्याची घरघर लपणातल्या माणसालाच नकोशी होते.

नांगरासाठी तिकडे शिशाची वजने वापरतात. आपण ती आणूही नका आणि येथल्या जाळ्यांची शिशाची वजनेही लावू नका. चिखलात हरवलेले शिसे पक्ष्यांच्या पोटात गेले की विषबाधा होते. बदकांच्या शिकारीत शिशाचे छर्रे वापरण्यावर अमेरिकेने १९९१ मध्ये देशभर बंदी आणली ती याच कारणाने. जाड लोखंडी नट किंवा हाताने ओतलेले सिमेंटचे गोळे पुरेसे आहेत. तळ्याला प्लास्टिकचे अस्तर असेल तर वजनाला कोठेही धार नको.

उत्तर ३: मतलई

वरच्या उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. भर घालण्यासारखे आहे ते आपल्या किनाऱ्यापुरते. बदके नेहमी वाऱ्याला तोंड करून उतरतात. हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा असतो, आणि दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. सकाळी सूर्य आणि वारा दोन्ही पूर्वेला, संध्याकाळी दोन्ही पश्चिमेला: छायाचित्रकारासाठी इतकी सोयीची रचना दुसरीकडे सहसा सापडत नाही. सकाळचे लपण पूर्वेच्या काठाला असावे. प्रकाश पाठीमागून येतो आणि उतरणारे बदक थेट आपल्याकडे तोंड करून येते. तळे घळीत असेल तर वारा वळतो, म्हणून लपणाची जागा पक्की करण्यापूर्वी तेथे उदबत्ती लावून धूर कोणीकडे जातो ते पाहावे.

पाच-सहा डिकॉय पुरेत. ते एका बाजूला सैलसर घोळक्यात ठेवावेत आणि लपणासमोरचे पाणी मोकळे सोडावे, कारण बदके घोळक्यात उतरत नाहीत, त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेत उतरतात. ही मांडणी छायाचित्रालाही उपकारक ठरते. नाहीतर उत्तम चित्राच्या कोपऱ्यात प्लास्टिकचे शेपूट डोकावते. आणि असे चित्र कोठे प्रसिद्ध केले, तर डिकॉय वापरले होते हे खाली नमूद करावे. ते लपवणारे लोक मला पटत नाहीत.

दोरीसाठी जाड तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा धागा, घ्यावा. एका टोकाला बदक, दुसऱ्या टोकाला फास आणि मध्ये सरकते वजन, अशी रचना केली की सगळी बदके एका कडीत अडकवून उचलता येतात आणि गुंता होत नाही. दोरीची लांबी पाण्याच्या खोलीहून थोडी जास्त असावी. फार लांब ठेवली तर बदके फिरत फिरत एकमेकांत अडकतात. खाजणात भरती-ओहोटीमुळे पाणी सतत वरखाली होते, तेव्हा तेथे हा उद्योग नकोच. गोड्या पाण्यापुरता ठेवावा. बसणे संपले की शेवटच्या धाग्यापर्यंत सगळे बाहेर काढावे. रात्रभर पाण्यात राहिलेल्या तंगुसात पाणकावळे आणि टिबुकल्या अडकतात.

काही महाग डिकॉयच्या डोक्यावर मखमलीसारखी लव चिकटवलेली असते, ज्यामुळे चकाकी मरते. थंड, कोरड्या प्रदेशात ती उत्तम. आपल्याकडे आषाढ-श्रावणात तिच्यावर हिरवट बुरशी धरते आणि ती घासून काढताना लवही निघून येते. कोकणात साधा, चकाकी नसलेला रंगच बरा.

निगेचे म्हणाल तर शत्रू तीन: मीठ, ऊन आणि कोंदट हवा. प्रत्येक वापरानंतर गोड्या पाण्याने धुवावे. शेवाळ धरले असेल तर सौम्य साबण आणि मऊ स्पंज, तारेची घासणी नाही आणि थिनर तर मुळीच नाही. सुकवायला सावलीत ठेवावे. तापलेल्या कातळावर किंवा बंद गाडीत ठेवलेले पोकळ बदक मऊ पडून दबते. दबलेच, तर कढत पाण्यात थोडा वेळ बुडवून बाहेरून हलकेच दाबत मूळ आकारावर आणता येते. प्रत्येक बदक कानाशी धरून हलवून पाहावे: आत पाणी खळखळत असेल तर शिवण उघडी पडली आहे. पाणी निथळून, पूर्ण सुकवून, मगच ती फट सिलिकोनने बुजवावी. हे टाळले तर पहिल्याच पावसात त्या पोकळीत डासांची पैदास होते.

पावसाळ्यात ती बंद प्लास्टिकच्या पिशवीत कधीही ठेवू नयेत. कौलारू घराच्या माळ्यावर जुन्या जाळ्याच्या पिशवीत, एकावर एक दडपण न येईल अशी टांगावीत. दोरी मानेला गुंडाळू नये, रंग तेथूनच घासला जातो. माळ्यावर उंदीर असतील तर टांगण्याची तार लांब असू द्यावी.

उत्तर ४: पांगारा

प्लास्टिकच्या बदकांविषयी वर पुरेसे आले आहे. मला त्या दोन लाकडी बदकांची काळजी वाटते, कारण हौसेने त्यांना नवा रंग देण्याची इच्छा आपल्याला नक्की होईल. ती आवरावी.

हाताने कोरलेली जुनी बदके अमेरिकेत लोककलेचा ठेवा मानली जातात. मॅसॅच्युसेट्सचे एल्मर क्रॉवेल यांचे दोन डिकॉय २००७ मध्ये प्रत्येकी दहा लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. मेरीलँडच्याच क्रिसफील्ड गावातील वॉर्ड बंधू, जे व्यवसायाने न्हावी होते, त्यांची कामेही संग्राहक शोधत असतात. डेट्रॉइटचा मेसन कारखाना १९२४ मध्ये बंद पडला. त्याची काचेच्या डोळ्यांची बदके अजून बाजारात फिरतात. आपली बदके यांपैकी असतील असे मी म्हणत नाही, बहुधा नसतील. परंतु तळाशी ठसा, आद्याक्षरे किंवा जुन्या मालकाची खूण आहे का ते मेहुण्यांनी तेथे असतानाच जाणकाराला दाखवावे, कारण येथे आल्यावर विचारायला माणूस मिळणार नाही. अशा वस्तूचे मोल मूळ रंगात असते; बंदुकीच्या छर्ऱ्याचे भोक आणि चोचीची झीजसुद्धा तिच्या इतिहासात जमा होते. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता मोठी, म्हणून पॉलिश कागदाने घासणे आरोग्यालाही घातक.

ती पाण्यात सोडू नयेत. घरात ठेवतानाही लाकूड दमटपणात फुगते आणि कोरड्या हवेत आकसते हे लक्षात असावे. ज्या खोलीत वातानुकूलन दिवसा चालू आणि रात्री बंद असते, तेथे मानेच्या सांध्याशी तडा जातो. भिंतीपासून दूर, सारखी हवा राहील अशा लाकडी कपाटात, सुती कापडात सैल गुंडाळून आणि शेजारी सिलिका जेलची पुडी ठेवून ती सांभाळावीत. तेल, व्हार्निश, लाख काहीही लावू नये. कपाटात बारीक पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर कीड लागली आहे असे समजून ते बदक लगेच इतर लाकडापासून वेगळे करावे.

पाण्यात सोडण्यासाठी लाकडीच हवे असेल, तर मेरीलँडहून काय आणायचे? सावंतवाडीत चितारआळी, म्हणजे लाकडी वस्तू घडवणाऱ्या कारागिरांची आळी, आहे. तेथली लाकडी फळे परंपरेने ज्या पांगाऱ्याच्या लाकडाची होतात, ते वजनाला हलके आणि कोरायला मऊ असते. बदकाला ते उत्तम शोभेल. कारागिराला दोन गोष्टी मात्र आवर्जून सांगाव्या लागतील. एक, नेहमीची लकाकी येथे नको, रंग निस्तेजच हवा. हे ऐकून तो प्रथम आपल्याकडे संशयाने पाहील. दुसरी, पांगाऱ्याला पाणी आणि कीड दोन्ही लवकर लागतात, म्हणून तळासकट सर्व बाजूंनी प्रायमरचे दोन हात देऊन मगच रंग द्यावा, आणि कीलचे खिळे ठोकल्यावर त्यांची भोके पुन्हा बुजवावीत.

खाजणकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वनपालांना अर्ज देतो आणि लाकडी बदके मेहुण्यांना तेथेच दाखवायला सांगतो. दोन शंका उरल्या आहेत. मॅलार्डच्या माद्या रंगवून त्यांची हळदी-कुंकू करता येतील का? आणि आमच्या वाडीतील एकाने घरची पाळीव बदके तळ्यात सोडण्याचे सुचवले आहे; त्याने डिकॉयची गरजच उरणार नाही असे त्याचे म्हणणे आहे.

चेसापीकचा प्रवासी

पाळीव बदके सोडू नयेत. बहुतेक पाळीव बदके मॅलार्डच्या वंशातली असतात आणि हळदी-कुंकूशी त्यांचा संकर होऊ शकतो. शिवाय पक्ष्यांचे रोग दोन्ही बाजूंनी पसरतात. नवापूरला २००६ मध्ये बर्ड फ्लूने कोंबडीपालकांचे काय झाले ते महाराष्ट्र विसरलेला नाही.

रंगवणे मात्र सहज जमेल, कारण दोन्ही पक्ष्यांच्या बैठकीत फारसा फरक नाही आणि डोळ्यावरून जाणारी गडद रेघ मॅलार्डच्या मादीलाही असते. अडचण प्लास्टिकची आहे: डिकॉय बहुधा पॉलिथिलिनचे असतात, आणि त्यावर साधा रंग धरत नाही, पापुद्रे सुटतात. आधी साबणाने आणि मग स्पिरिटने पुसून तेलकटपणा घालवावा, बारीक पॉलिश कागद फिरवावा आणि गाड्यांचे बंपर रंगवणाऱ्याकडे मिळणारा प्लास्टिकचा प्रायमर पातळ मारावा. त्यावर चकाकी नसलेला अॅक्रिलिक रंग. चोच काळी करून टोक पिवळे ठेवावे, चोचीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना लाल ठिपका द्यावा, पिसांच्या कडा फिकट कराव्यात आणि मिटलेल्या पंखाच्या मागच्या भागावर पांढरा पट्टा ओढावा. बसलेले हळदी-कुंकू दुरून त्या पांढऱ्यावरूनच ओळखू येते.

मतलई

रंगकाम पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हाच्या दिवसांत करावे. दमट हवेत प्रायमर वरून सुकल्यासारखा वाटतो आणि आत ओला राहतो. रंग झाल्यावर बदके आठवडाभर सावलीत ठेवून द्यावीत, नंतर एकच बदक बादलीभर पाण्यात रात्रभर बुडवून पाहावे. सकाळी अंगठ्याने घासून रंग हाताला लागला नाही, तर बाकीची तळ्यात सोडायला हरकत नाही.